सोलापूरहून थीम पार्कला जाताना: तान्ह्या बाळांच्या आणि लहान मुलांच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीत होम मैदानावर भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलेले मूल पुढे कधीतरी मोठ्या थीम पार्कचा हट्ट धरते, आणि घरात तान्हे बाळही असेल तर आईवडिलांपुढे प्रश्नांची रांग लागते. त्यांपैकी वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. सर्व उत्तरांमागे एकच भूमिका आहे: सहलीचा वेग आणि वेळापत्रक कुटुंबातील सर्वांत लहान सदस्याच्या झोपेवर व भुकेवर ठरवावे, तिकिटाच्या किमतीवर ठरवू नये.

बाळ किती महिन्यांचे झाल्यावर त्याला थीम पार्कला नेणे योग्य ठरते?

माझ्या मते बाळ किमान नऊ-दहा महिन्यांचे होईपर्यंत थांबणे चांगले. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिला जातो. त्याआधी हजारो लोकांच्या गर्दीत, बंदिस्त सभागृहांत आणि रांगांमध्ये बाळाला तासन्‌तास ठेवण्याची काही गरज नसते. शिवाय पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावयाचे असते आणि त्याच्या शरीराला उष्णता व थंडी यांच्याशी जुळवून घेणे अवघड जाते. मोठ्या भावंडासाठी जाणे टाळता येणारच नसेल, तर बाळाला आजीजवळ हॉटेलच्या खोलीत ठेवून आईने मधल्या वेळी दूध पाजण्यासाठी परत येणे हा मार्ग अनेक कुटुंबांना जमतो, मात्र त्यासाठी हॉटेल पार्कच्या अगदी जवळ असले पाहिजे.

बाळ वेळेआधी जन्मलेले असेल, वजन कमी असेल किंवा हृदयाचा, श्वसनाचा त्रास असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

सोलापूरकरांना कोणते पार्क सोयीचे पडते: पुण्याच्या बाजूचे की हैदराबादच्या बाजूचे?

पुणे आणि हैदराबाद ही दोन्ही शहरे राष्ट्रीय महामार्ग ६५ वर आहेत आणि सोलापूर त्यांच्या मध्ये येते, त्यामुळे निवड खरोखरीच मोकळी आहे. पश्चिमेकडे पुणे सुमारे २५० किलोमीटर. तेथून पुढे साधारण ७५ किलोमीटरवर, घाट उतरून, खोपोलीजवळ इमॅजिका आहे. हे पार्क २०१३ साली सुरू झाले आणि त्याचे वॉटर पार्क पुढच्या वर्षी. पूर्वेकडे हैदराबाद सुमारे ३१० किलोमीटर. तेथे शहराच्या बाह्य वर्तुळाकार मार्गालगत २०१६ साली सुरू झालेले वंडरला आहे, आणि शहर ओलांडून विजयवाड्याच्या दिशेने गेल्यावर १९९६ पासूनची रामोजी फिल्म सिटी आहे.

लहान मुलांच्या दृष्टीने तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. इमॅजिकामध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांना आवडतील असे मंद पाळणे, घोड्यांचा कॅरोसेल आणि छताखालचे खेळ पुरेसे आहेत. वंडरलामध्ये कोरडे आणि पाण्याचे खेळ एकाच आवारात असल्याने भावंडांच्या वयात अंतर असले तरी दोघांची सोय होते. रामोजीमध्ये बसमधून फिरणे, देखावे पाहणे आणि कार्यक्रम पाहणे हा मोठा भाग आहे. दोन वर्षांच्या मुलाला त्यात बस सोडून फारसे काही आकर्षक वाटत नाही, मात्र आजी-आजोबा बरोबर असतील तर हेच पार्क सर्वांत सुखाचे ठरते. सोलापुरातील ज्या घरांत तेलुगू बोलली जाते आणि ज्यांचे नातेवाईक हैदराबादेत आहेत, त्यांनी दुसरा विचारच करू नये. नातेवाइकांचे घर, ओळखीचे जेवण आणि बाळाला झोपवायला शांत खोली या तीन गोष्टी कोणत्याही पाळण्यापेक्षा मोलाच्या असतात.

एका दिवसात जाऊन परत येता येईल का?

मोठ्या माणसांना येईल. लहान मुलांना घेऊन असे करू नये. सोलापूर ते खोपोली एका बाजूचा प्रवास थांबे धरून सहा-सात तासांचा होतो, आणि परतीच्या वाटेवर रात्री चालकालाही झोप अनावर होते. किमान एक मुक्काम जाताना आणि शक्य असल्यास एक येताना करावा. आदल्या दिवशी पुण्यात पोहोचून, मुलांना वेळेवर झोपवून, दुसऱ्या दिवशी सकाळी पार्क उघडण्याच्या वेळी दाराशी हजर राहणे ही सर्वांत सोपी रचना आहे, कारण पहिल्या दोन तासांत ऊन कमी असते, रांगा लहान असतात आणि मुले ताजीतवानी असतात.

रेल्वेने जावे की मोटारीने?

पुण्यापर्यंत रेल्वे आणि तेथून भाड्याची मोटार हा माझ्या दृष्टीने बाळासह प्रवासाचा उत्तम मार्ग आहे. सोलापूरहून सकाळी सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस आणि फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी वंदे भारत या दोन्ही गाड्या दुपारच्या आत पुण्याला पोहोचवतात, आणि चालत्या गाडीतही बाळाला कडेवर घेऊन फेऱ्या मारता येतात. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र आसन नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मात्र खुर्चीच्या डब्यात आसनासह पूर्ण भाडे द्यावे लागते, हे अंदाजपत्रकात आधीच धरावे.

स्वतःच्या मोटारीने जाणार असाल तर बाळाला पुढच्या आसनावर मांडीत घेऊन बसणे पूर्णपणे टाळावे. अचानक ब्रेक लागल्यास मांडीवरचे मूल कोणाच्याही हातांत राहत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १,००० रुपयांचा दंड आहे, परंतु दंडाचा विचार बाजूला ठेवला तरी बालआसन मागच्या बाजूला बसवणे हीच या सहलीची पहिली खरेदी असावी.

पुण्याच्या रस्त्यावर टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण आणि हैदराबादच्या रस्त्यावर नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद असे थांबे सोयीचे आहेत. दर दोन तासांनी बाळाला आसनातून बाहेर काढून आडवे करावे. लोणावळ्यानंतरच्या घाटात दोन वर्षांवरील मुलांना मळमळण्याची शक्यता अधिक असते. त्याआधी तासभर पोट भरून खायला देऊ नये आणि मोबाइल हातात देऊ नये.

कोणत्या महिन्यात जावे?

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतर नाताळची गर्दी सुरू होण्यापूर्वीचे आठवडे आणि मग संक्रांतीनंतरचे काही आठवडे, त्यातही सोमवार ते गुरुवार. सोलापूरच्या चाळीस अंशांच्या उन्हाची आपल्याला सवय असते, म्हणून मे महिन्यात गेले तरी चालेल असे अनेकांना वाटते. परंतु खोपोलीचे ऊन दमट असते, घाम वाळत नाही आणि बाळाचे अंग थंड होत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी पडणारा पाऊस आपल्याकडच्या पावसासारखा येऊन जाणारा नसतो, तो दिवसभर लागून राहतो, आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे पाळणे बंद ठेवले जातात. जुलै-ऑगस्टमध्ये जायचे असल्यास हैदराबादची बाजू बरी.

माझे मूल तीन वर्षांचे आहे. त्याला कोणत्या पाळण्यांत बसू देतील?

प्रवेशाचे तिकीट आणि पाळण्यांची परवानगी ही दोन्ही सहसा वयावर ठरत नाहीत, उंचीवर ठरतात. म्हणून निघण्यापूर्वी घरी भिंतीला टेकवून, चपला काढून, मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवावी आणि पार्कच्या संकेतस्थळावरील तक्त्याशी ताडून पाहावी. साधारण ९० सेंटिमीटरच्या आसपासच्या मुलांना पालकांसह बसण्याचे मंद पाळणे मिळतात; उंच रोलर कोस्टरसाठी बहुधा १२० ते १४० सेंटिमीटरच्या दरम्यानची मर्यादा असते. ही तपासणी घरीच केली आणि मुलाला आधीच सांगितले, तर दारातून परत पाठवल्यावर होणारी रडारड टळते.

दोन सेंटिमीटरने उंची कमी भरत असेल तेव्हा जाड तळव्यांचे बूट घालणे किंवा कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणे असे प्रकार पाहायला मिळतात. कृपया असे करू नये. ही मर्यादा मुलाच्या शौर्याची परीक्षा घेण्यासाठी ठेवलेली नसते. सुरक्षा दांडा शरीराच्या ज्या भागावर टेकला पाहिजे तेथे तो टेकावा यासाठी ती असते, आणि लहान शरीर त्या दांड्याखालून निसटू शकते.

बाळाला मांडीवर घेऊन पाळण्यात बसता येईल का?

जवळजवळ कोठेही नाही, आणि ते योग्यच आहे. वर्षाखालील बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मानेचे स्नायू कोवळे असतात, त्यामुळे मोठ्यांना किरकोळ वाटणारा झटकाही त्याला सोसत नाही. आईबाबांनी आळीपाळीने बसावे: एक जण मोठ्या मुलासह पाळण्यात, दुसरा बाळासह सावलीत. काही पार्कांत दुसऱ्या पालकाला पुन्हा रांगेत उभे न करता सोडतात. प्रवेशद्वारावर तशी सोय विचारून घ्यावी.

एवढे महाग तिकीट काढले, मग संध्याकाळपर्यंत थांबायला नको का?

हा प्रश्न बहुतेक वेळा कोणी मोठ्याने विचारत नाही, पण दुपारी तीन वाजता रडणाऱ्या मुलाला ओढत पुढच्या रांगेकडे नेणाऱ्या प्रत्येक पालकाच्या मनात तो असतो. पैसे वसूल झाले पाहिजेत ही भावना मी समजू शकतो. नोकरदार किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या घरासाठी चार माणसांची तिकिटे, प्रवास आणि मुक्काम हा मोठा खर्च आहे. तरीही चार वर्षांखालील मुलाची खेळण्याची खरी क्षमता चार-पाच तासांची असते. त्यानंतर ते जे काही करते ते थकव्यापोटी करते, आणि पालक जे ओरडतात तेही थकव्यापोटीच.

म्हणून दिवसाचे दोन भाग करावेत. सकाळी उघडल्यापासून साधारण साडेबारापर्यंत पाळणे. मग जेवण आणि सक्तीची विश्रांती, शक्य असल्यास वातानुकूलित जागेत किंवा बसून पाहण्याच्या कार्यक्रमात. आणि चारनंतर मुले उठून हसत असतील तरच पुन्हा दोन तास. ती किरकिरत असतील तर सरळ बाहेर पडावे. मुलाने एकाच कॅरोसेलमध्ये पाच वेळा बसण्याचा आग्रह धरला तर पाच वेळा बसू द्यावे. दुसरे खेळ राहून जातात याचे दुःख आपल्याला असते, त्याला नसते.

अंगावर पाजणाऱ्या आईसाठी आणि बाळाच्या दुधासाठी काय सोय असते?

आपल्याकडे एस.टी. स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात तशी स्वतंत्र खोली मोठ्या पार्कांत बहुधा मिळते. ती नकाशात कोठे आहे हे आत शिरतानाच विचारून ठेवावे, कारण बाळ भुकेने रडू लागल्यावर शोधाशोध करणे जड जाते. खोली दूर असेल तर पुढून उघडणारा कुर्ता आणि सुती दुपटे पुरेसे असते. आईने स्वतः भरपूर पाणी पिणे आणि वेळेवर जेवणे याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे. दिवसभर सर्वांना भरवून शेवटी उरलेले खाणाऱ्या आईला संध्याकाळी चक्कर येते.

पावडरचे दूध देत असाल तर तयार बाटल्या घरून नेऊ नयेत. थर्मासमध्ये उकळलेले गरम पाणी आणि मोजून ठेवलेली कोरडी पावडर वेगवेगळी न्यावी आणि लागेल तेव्हाच दूध करावे. तयार दूध दोन तासांच्या आत वापरावे आणि बाळाने तोंड लावलेली बाटली तासाभरानंतर टाकून द्यावी. उन्हात हा वेळ आणखी कमी धरावा.

घरचा डबा आत नेता येतो का, आणि डब्यात काय असावे?

बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास सहसा मनाई असते, परंतु बाळाच्या अन्नासाठी बहुतेक ठिकाणी सूट देतात. आरक्षण करतानाच हे लेखी विचारून घ्यावे. मुगाची मऊ खिचडी सकाळी करून दुपारपर्यंत टिकत नाही, विशेषतः उन्हाळ्यात. त्यापेक्षा केळी, नाचणी सत्त्वाची कोरडी पूड, मुरमुरे, घरची साधी बिस्किटे अशा न नासणाऱ्या वस्तू न्याव्यात, आणि आतल्या उपाहारगृहात ताजा, गरम वरणभात किंवा इडली मिळाली तर तीच भरवावी.

प्रवासात आपल्या सर्वांच्या पिशवीत शेंगा चटणी आणि कडक भाकरी असतेच, आणि मोठ्यांसाठी त्याहून चांगली शिदोरी नाही. मात्र अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न आणि अख्खी द्राक्षे चार वर्षांखालील मुलांना चालताना, हसताना किंवा मोटारीत कधीही देऊ नयेत. ती श्वासनलिकेत अडकतात. द्राक्षे द्यायचीच असतील तर उभी चिरून द्यावीत. वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये.

उन्हाचा त्रास झाला आहे हे बाळाच्या बाबतीत कसे ओळखावे?

लंगोट किंवा डायपर सहा तास कोरडा राहणे, रडताना अश्रू न येणे, तोंड कोरडे पडणे, टाळू खोल गेलेली दिसणे, बाळ नेहमीपेक्षा सुस्त किंवा अतिशय चिडचिडे होणे ही शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे आहेत. सहा महिन्यांखालील बाळाला अशा वेळी पाणी देऊ नये, पुन्हा पुन्हा अंगावर पाजावे आणि पार्कमधील प्रथमोपचार केंद्र गाठावे. मोठ्या मुलांना जलसंजीवनी अर्थात ओ.आर.एस. द्यावे, आणि पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात घालू नये. दुकानात मिळणारी गोड चवीची तयार पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे, हे लक्षात असू द्यावे.

सहा महिन्यांखालील बाळाला सनस्क्रीन लावण्यापेक्षा सावली, पूर्ण बाह्यांचे सुती झबले आणि कडा असलेली टोपी यांवर भर द्यावा. बाबागाडीवर ओढणी किंवा दुपटे पूर्ण टाकून सावली करण्याची सवय धोकादायक आहे. आत हवा खेळत नाही आणि काही मिनिटांत उष्णता वाढते. झोपलेल्या बाळाला बंद मोटारीत ठेवून तिकीट काढायला जाणे तर एक मिनिटासाठीही करू नये.

वॉटर पार्कमध्ये लहान मुलांना नेताना काय पाहावे?

येथे मी सर्वांत आग्रहाने सांगतो: मूल गुडघाभर पाण्यात असले तरी एका मोठ्या माणसाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नसावा. बुडणारे मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. ते गुपचूप खाली जाते. जीवरक्षक शेकडो लोकांवर लक्ष ठेवत असतो, तुमच्या एका मुलावर नाही. कोणी पाहायचे हे ठरवून, नाव घेऊन, एकमेकांकडे सोपवावे. ‘सगळेच आहेत की’ असे म्हणत असतानाच कोणीही पाहत नसते. फुगवण्याच्या बाहुपट्ट्यांवर विसंबू नये. लाटांच्या तलावात पाच वर्षांखालील मुलांना नेऊच नये असे माझे मत आहे.

सहा महिन्यांखालील बाळाला पाण्यात उतरवू नये. त्यापुढच्या बाळालाही वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर काढावे. ओठ निळसर दिसले किंवा कापरे भरले तर लगेच. पाण्यासाठीचे वेगळे डायपर वापरावेत आणि तासाभराने बदलावेत, आणि जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात मुळीच नेऊ नये, कारण क्लोरीन असले तरी काही जंतू टिकून राहतात आणि इतरांच्या पोटात जातात.

पार्कमध्ये सुती कपडे घालून पाण्यात उतरू देत नाहीत. नायलॉनचे पोहण्याचे कपडे आधीच विकत घ्यावेत, तेही भडक नारिंगी किंवा पोपटी, कारण निळा रंग पाण्यात दिसत नाही. अंग पुसायला मात्र आपल्या सोलापूरचेच टॉवेल भरपूर न्यावेत. मुलांच्या कमरेचा करगोटा, पायांतले वाळे, मण्यांच्या मनगट्या आणि गळ्यातला काळा दोरा घरीच काढून ठेवावा. घसरगुंडीच्या सांध्यात दोरा अडकतो, आणि सुटलेला मणी बाळ तोंडात घालते. घरातील वडीलधाऱ्यांना हे आदल्या रात्री समजावून सांगितले तर ऐन वेळी वाद होत नाही.

बाबागाडी न्यावी की बाळाला अंगावर बांधून घ्यावे?

दोन्ही. चालण्यासाठी व झोपण्यासाठी बाबागाडी, रांगेसाठी व पायऱ्यांसाठी अंगावरची झोळी.

माझे मूल आवाजाला आणि वेष केलेल्या पात्रांना घाबरते. काय करावे?

दोन ते चार वर्षांच्या मुलांत ही भीती अगदी स्वाभाविक आहे. सोलापूरकरांना याची चाचणी घेण्याची चांगली संधी घरबसल्या मिळते: गड्ड्याच्या जत्रेत संध्याकाळी मुलाला न्यावे आणि भोंगे, दिवे, गर्दी यांपुढे ते कसे वागते हे पाहावे. तेथे अर्ध्या तासात रडून घरी जायचे म्हणत असेल तर मोठी सहल वर्षभर पुढे ढकलावी. पार्कमध्ये अंधारातून जाणारे आणि भुताखेतांचे खेळ लहानांसह टाळावेत. वेष केलेल्या पात्राशेजारी फोटोसाठी मुलाला बळेच उभे करू नये. दुरून हात हलवला तरी पुरे.

गर्दीत मूल हरवले तर?

सकाळी आत शिरण्यापूर्वी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतील पूर्ण फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. मनगटावर बॉलपेनने दोन मोबाइल क्रमांक लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. तीन वर्षांवरील मुलाला आईबाबांचे पूर्ण नाव पाठ करून घ्यावे, कारण विचारले तर ते नुसते ‘आई’ म्हणते. आणि हरवल्यास गणवेशातील कर्मचाऱ्याकडे किंवा लहान मूल बरोबर असलेल्या बाईकडे जायचे हे शिकवावे. मूल दिसेनासे झाले तर प्रथम पाण्याच्या जागा पाहाव्यात आणि त्याच क्षणी कर्मचाऱ्यांना सांगावे. आपण स्वतः शोधून पाहू म्हणून दहा मिनिटे घालवू नयेत. पोलिसांसाठी ११२, बालकांच्या मदतीसाठी १०९८ आणि महाराष्ट्रात व तेलंगणात रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

आजी-आजोबांना बरोबर न्यावे का?

त्यांची इच्छा असेल तर अवश्य, परंतु बाळ सांभाळण्यासाठी म्हणून नेऊ नये. दिवसभर बाकावर पिशव्या राखत बसलेली आजी प्रत्येक पार्कमध्ये दिसते. त्यांच्या गुडघ्यांचा आणि औषधांच्या वेळांचा विचार करून जागा निवडावी, आणि दिवसातून एक-दोन गोष्टी त्यांच्या आवडीच्या ठेवाव्यात.

परत आल्यावर मुलाला ताप किंवा जुलाब झाले तर लगेच डॉक्टरांकडे जावे का?

तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आला तर वाट न पाहता त्याच वेळी जावे. मोठ्या मुलाचा एखाद-दुसरा दिवस किरकिरीत जाणे थकव्यानेही होते. मात्र शौचातून रक्त पडणे, पाणीही न ठरणारी उलटी, आठ तास लघवी न होणे, धाप लागणे, किंवा पाण्यात नाकातोंडात पाणी गेल्यानंतर खोकला न थांबणे यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे, आणि मूल कोठे जाऊन आले, काय खाल्ले, पाण्यात किती वेळ होते हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.